कायदा हात बघतो, अपघात नजरेमुळे होतो

मार्च २०२५ मधली बातमी तुम्हाला आठवत असेल. दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक द्रुतगती मार्गावर गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढला आणि तो परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोचवला. चालकाला कामावरून काढलं आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला ५ हजार रुपये दंड झाला. दोन दिवस सगळीकडे 'बरं झालं' असा सूर होता, मग आपण सगळे विसरलो.

मी मात्र एका प्रश्नावर अडकले. याच माणसाने हाच सामना मोबाईलऐवजी डॅशबोर्डमध्ये पक्क्या बसवलेल्या स्क्रीनवर बघितला असता, तर कायद्याने त्याला काय म्हटलं असतं? मला वाटलं होतं की उत्तर एका ओळीत मिळेल. तसं झालं नाही, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

या ब्लॉगवर आपण एरवी शोधनिबंध वाचतो. आज कायदा वाचू, पण पद्धत तीच ठेवू. मी वकील नाही, विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे कायद्याकडेही मी निबंध तपासणाऱ्याच्या नजरेने बघणार: व्याख्या काय केली आहे, प्रत्यक्षात मोजलं काय जातं, आणि जे टाळायचं आहे ते त्या मोजमापातून टळतं का?

कायद्यात नेमकं काय लिहिलंय

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि वाढलेले दंड १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. आपल्या कामाचं आहे ते कलम १८४, म्हणजे धोकादायक पद्धतीने वाहन चालवणं. दुरुस्तीनंतर या कलमाच्या स्पष्टीकरणात काही कृत्यांची यादीच दिली आहे. लाल सिग्नल तोडणं, थांबण्याची खूण न मानणं, वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी घालणं, आणि गाडी चालवताना 'हातात धरून वापरायचं संपर्क साधन' वापरणं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड. जागेवर पावती फाडताना राज्य सरकारने ठरवलेली तडजोडीची रक्कम लागते, ती गोष्ट वेगळी. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एक सवलतही आली: असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येईल.

आता दुसरं कागदपत्र. २०१७ मध्ये केंद्राने वाहन चालवण्याबाबतचे विनियम काढले. त्यात लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी चालकाने टाळाव्यात असं आहे, आणि चालवताना चलचित्र किंवा व्हिडिओ बघू नये असंही आहे, नकाशापुरता अपवाद ठेवून. म्हणजे बसवलेल्या स्क्रीनवरचा सिनेमा कायद्याला माहीतच नाही असं नाही. पण या विनियमांचा भंग केला तर शिक्षा कुठली? कलम १७७अ. दंड ५०० ते १ हजार रुपये.

जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. सहा इंची मोबाईल हातात धरून सामना बघितला तर कैदेची तरतूद असलेलं कलम. दहा इंची स्क्रीनवर तोच सामना बघितला तर जास्तीत जास्त हजार रुपये. नजर रस्त्यावरून तेवढीच हटलेली, गाडीचा वेग तोच, समोरून सायकलवर येणारा माणूसही तोच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कलम १८४ च्या यादीत शेवटी एक सर्वसाधारण वाक्य आहे. सावध आणि जाणत्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाऊन गाडी चालवणं म्हणजेही धोकादायक चालवणं. पोलिसांनी ठरवलं तर बसवलेल्या स्क्रीनवर सिनेमा बघणारा या वाक्यात बसवता येईल. पण मग ते सिद्ध करावं लागेल, आणि हातातल्या साधनाच्या बाबतीत वापर दाखवला की पुरे. याचा रस्त्यावर काय परिणाम होतो ते तुम्हीच ओळखा. जे सोपं आहे त्याचीच पावती फाटते.

शिवाय होल्डरमध्ये अडकवलेल्या मोबाईलचं काय? तो 'हातात धरायचं साधन' आहे, पण हातात धरलेला नाही. शब्द साधनाच्या प्रकाराबद्दल आहे की त्या क्षणी हात कुठे आहे याबद्दल? दोन्ही अर्थ निघतात. निबंधात अशी व्याख्या आली असती तर माझ्या मार्गदर्शकांनी समासात लाल रेघ मारून परत पाठवली असती.

हा घोळ फक्त आपलाच नाही

ब्रिटनमध्ये २०१९ साली एक प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एका माणसाने गाडी चालवताना रस्त्यावरच्या अपघाताचं मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं. तिथल्या तेव्हाच्या नियमात बंदी होती ती संपर्कासाठी मोबाईल वापरण्यावर. चित्रीकरण म्हणजे संपर्क नव्हे, म्हणून तो त्या आरोपातून सुटला. न्यायाधीशांनी हेही सांगितलं की याचा अर्थ असं करायला मोकळीक आहे असा नाही, बेपर्वाईच्या इतर कलमांखाली खटला होऊ शकतो. शेवटी २५ मार्च २०२२ पासून नियम बदलला, आणि हातात मोबाईल धरून जवळजवळ काहीही करणं गुन्हा ठरलं.

पण गंमत पुढे आहे. त्याच ब्रिटनमध्ये १९८६ पासून वाहनांच्या बांधणीच्या नियमांत १०९ क्रमांकाचा एक नियम आहे. चालकाला थेट किंवा आरशातून दिसेल अशा जागी चालू असलेला पडदा असेल, तर त्यावर फक्त गाडीची स्थिती, गाडीचं ठिकाण, रस्ता, आणि मुक्कामी पोचण्यासाठी लागणारी माहितीच दिसली पाहिजे. बाकी काही दिसत असेल तर गाडी चालवायची नाही. या नियमात हाताचा उल्लेख नाही. पडदा कुणी बनवला, मोबाईल की टीव्ही, याला महत्त्व नाही. चालकाला तो दिसतो का आणि त्यावर काय चाललंय, एवढंच विचारलंय. स्मार्टफोन यायच्या वीस वर्षं आधी लिहिलेला हा नियम आजच्या गाड्यांनाही लागू पडतो, कारण व्याख्या योग्य जागी केली आहे.

अमेरिकेतल्या अलास्कामध्ये २००२ साली एका अपघातात दोघे गेले. समोरच्या गाडीत डीव्हीडीचा पडदा बसवलेला होता आणि चालक सिनेमा बघत होता, असा सरकारी पक्षाचा दावा होता. चालकाने तो नाकारला. २००४ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. तेव्हा तिथे चालकाला दिसेल असा पडदा चालू ठेवणं हाच गुन्हा आहे असं सांगणारा कायदा नव्हता. तो काही वर्षांनी आला. मुद्दा तो माणूस दोषी होता की नाही हा नाही. अपघातानंतर 'त्या क्षणी नजर कुठे होती' हे सिद्ध करणं किती अवघड असतं, ते यातून दिसतं.

दोन सेकंद आले कुठून

आता विज्ञानाकडे येऊ. या विषयावर काहीही वाचायला घ्या, 'दोन सेकंद' हा आकडा भेटतोच.

सुरुवात करू एका वेड्या वाटणाऱ्या प्रयोगापासून. १९६० च्या दशकात जॉन सेंडर्स नावाच्या शास्त्रज्ञाने असं हेल्मेट बनवलं की ज्याची पुढची झापड ठरावीक वेळाने डोळ्यांवर पडायची आणि उघडायची. ते घालून त्याने बोस्टनजवळच्या खऱ्याखुऱ्या महामार्गावर गाडी चालवली. प्रश्न साधा होता: दर किती वेळाने, किती वेळ बघितलं तर गाडी रस्त्यावर राहते? वेग वाढला किंवा वळणं आली की जास्त वेळा बघावं लागतं, हे त्यातून आकड्यांत मांडता आलं. २०११ मध्ये त्याला या प्रयोगासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. आजही गाडीतल्या स्क्रीनची चाचणी घेताना दीड सेकंद उघडणारे आणि दीड सेकंद बंद होणारे चष्मे वापरतात. ते या हेल्मेटचेच वंशज.

मग २००६ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या '१०० गाड्या' अभ्यासाचे निष्कर्ष आले. शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून साधारण वर्षभर लोकांना नेहमीसारखं चालवू दिलं. रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटली की अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने गाडी बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: स्क्रीनवरचं कुठलंही काम एकेका नजरेत दोन सेकंदांच्या आत आणि एकूण बारा सेकंदांत उरकलं पाहिजे. गाडी चालू असताना मनोरंजनाचा व्हिडिओ चालकाला दिसता कामा नये, हेही त्यात आहे. पण या सूचना ऐच्छिक आहेत. कंपनीने पाळल्या तर पाळल्या.

आपल्या रस्त्यावर दोन सेकंद म्हणजे किती

गारगोटीहून कोल्हापूर पन्नासएक किलोमीटर. मुदाळ तिट्ट्यावरून जाणारा हा रस्ता गळीत हंगामात रात्री कसा असतो ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. बिद्रीच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, त्यातल्या काहींना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि एखादी टायर फुटून रस्त्यातच उभी.

आपण हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गाडीचे दिवे डिपरवर आहेत आणि ५० मीटरवर अशी बंद ट्रॉली उभी आहे असं धरा. चालकाची नजर समोर असेल तर ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर पुढे थांबायला अंदाजे २० मीटर. एकूण ४५. गाडी ट्रॉलीच्या पाच मीटर अलीकडे थांबते, देवाची कृपा म्हणून आपण पुढे निघतो.

आता नेमक्या त्याच क्षणी चालकाने दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं. ३३ मीटर तिथेच संपले. वर वळल्यावर ट्रॉली १७ मीटरवर, आणि पाय ब्रेकवर पडायलाच २५ मीटर लागणार. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच टक्कर, तीही पूर्ण ६० च्या वेगाने. गाडीचा वेग अगदी कायदेशीर होता. चालकाने मोबाईलला हातही लावला नव्हता.

म्हणून माझी पहिली तक्रार संशोधनाविषयीच आहे. दोन सेकंद ही सुरक्षिततेची हद्द आहे असं आपण वाचतो, पण तो आकडा अमेरिकेतल्या रुंद, दुभाजक असलेल्या, पट्टे आखलेल्या रस्त्यांवरच्या सरासरीतून आला आहे. सेंडर्सच्या हेल्मेटने जे दाखवलं ते यापेक्षा उपयोगी आहे: रस्ता जितका बेभरवशाचा, तितकी परवडणारी नजर छोटी. आपल्याकडे बैलगाडी, शाळेची पोरं आणि उलट बाजूने येणारी दुचाकी हे सगळं एकाच रस्त्यावर असतं. इथे दोन सेकंद फार उदार होतात.

व्हिडिओ इतर गोष्टींपेक्षा वेगळा का

'मग आरसा बघणंसुद्धा लक्ष विचलित करणंच की', असं कुणीतरी म्हणणारच. फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. काही कामं चालकाच्या सोयीने होतात. आरसा बघणं, पंख्याचं बटण फिरवणं, नकाशावर नजर टाकणं. समोर गर्दी असेल तर तुम्ही थांबता, रस्ता मोकळा झाला की करता. व्हिडिओची वेळ मात्र व्हिडिओ ठरवतो. गोलंदाज धावत यायला लागला की तुम्हाला आत्ताच बघायचं असतं. प्रेक्षकांचा गलका ऐकू आला की मान आपोआप वळते, त्याच क्षणी समोर बस थांबली असली तरी. गोलंदाजाची धाव सुरू झाल्यापासून फटका बसेपर्यंत सहा सेकंद धरले, तरी ताशी ८० च्या वेगाने गाडी १३० मीटरहून पुढे गेलेली असते.

आमच्या भागातल्या काही वडापमध्ये समोरच मोठी स्क्रीन असते आणि प्रवाशांसाठी सिनेमा लावलेला असतो. चालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'मी कुठं बघतोय, नुसतं ऐकतोय.' ते खरं मानलं तरी प्रश्न सुटत नाही. डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालक मोबाईलवर नुसते बोलत होते, हात मोकळे होते. रस्त्याकडेच्या ज्या गोष्टींवर त्यांची नजर प्रत्यक्ष खिळली होती, त्याही त्यांना नंतर नीट ओळखता आल्या नाहीत. डोळ्यांनी बघितलं, पण मेंदूने नोंद घेतली नाही.

संशोधनाकडेही सावधपणे बघू

इथे मात्र मला थांबून दुसरी बाजू सांगायला हवी. स्ट्रेयर यांचे प्रयोग सिम्युलेटरवरचे होते. पुढे अमेरिकेत साडेतीन हजारांहून जास्त चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पूर्ण लक्ष असलेल्या, जाग्या आणि न प्यालेल्या चालकाच्या तुलनेत अपघाताची शक्यता किती पट, हे त्यात मोजलं होतं. हातातल्या मोबाईलवर बोलणं २.२ पट, मोबाईलवर टाईप करणं ६.१ पट. आणि रेडिओ-एसी सोडून गाडीतल्याच टचस्क्रीनच्या मेनूसारख्या गोष्टी वापरणं ४.६ पट.

हे आकडे पुन्हा वाचा. गाडीच्या कंपनीने बसवून दिलेली स्क्रीन चाळणं हे हातातल्या मोबाईलवर बोलण्यापेक्षा जास्त धोक्याचं निघालं. आपला कायदा नेमका उलटा उभा आहे.

पण याही अभ्यासाची मर्यादा आहे. त्यातली माहिती साधारण २०१० ते २०१३ मधली, म्हणजे गाडीत बसून सहज सामना लावता येण्याच्या आधीची. आणि 'पट' म्हणजे कारण नव्हे. अपघाताच्या वेळी एक गोष्ट चालू होती एवढंच ते सांगतं.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा आणखी एक दावा तुम्ही बघितला असेल: 'गाडीची टचस्क्रीन दारूपेक्षा घातक.' तो २०२० च्या एका ब्रिटिश अहवालावरून आला आहे. टचस्क्रीन वापरताना प्रतिसादाचा वेळ निम्म्याहून जास्त वाढतो आणि मर्यादेइतकी दारू प्याल्यावर १२ टक्के वाढतो, असा तो तक्ता. मला हा तक्ता आवडत नाही. दारूचे आकडे वेगळ्या, जुन्या प्रयोगांतले आहेत. आणि टचस्क्रीनचा परिणाम बोट लावलेलं असेपर्यंत टिकतो, दारूचा घरी पोचेपर्यंत. दोन्ही एका ओळीत मांडले की दारू प्यालेल्याला सबब मिळते. आपला मुद्दा खरा असला तरी लंगड्या पुराव्यावर उभा करू नये.

त्यापेक्षा स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' मासिकाने २०२२ मध्ये केलेली साधी चाचणी मला जास्त पटते. ताशी ११० च्या वेगाने गाडी चालवत चार कामं करायची, एसी-रेडिओसारखी. बटणं असलेल्या २००५ च्या व्होल्वोला लागले १० सेकंद, म्हणजे ३०६ मीटर. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या टचस्क्रीनच्या गाडीला जवळपास ४५ सेकंद, सुमारे १३७० मीटर. ही प्रयोगशाळेतली चाचणी नाही, पण फरक इतका मोठा आहे की तो चुकून आलेला वाटत नाही. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच तर्क कायद्यात नेले. पावसात टेस्लाच्या टचस्क्रीनवर वायपरचा वेग बदलताना एक गाडी रस्त्याबाहेर गेली होती. न्यायालय म्हणालं, गाडीत पक्की बसवलेली स्क्रीनसुद्धा इलेक्ट्रॉनिक साधनच आहे. चालकाला २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. युरोपच्या गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरी बटणं असावीत अशी अट घातली आहे.

एका वायरची गोष्ट

बाहेरून बसवायच्या अँड्रॉइड स्क्रीनला मागे वायरींचा जुडगा असतो. त्यात एक वायर हँडब्रेकची असते. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडली की व्हिडिओ फक्त हँडब्रेक ओढलेला असताना दिसतो. म्हणजे बनवणाऱ्याला धोका माहीत आहे आणि उपायही त्याने डब्यातच दिला आहे. पण बसवताना बऱ्याचदा ही वायर स्विचला न जोडता सरळ बॉडीला अर्थ करून टाकतात. मग स्क्रीनला कायम वाटतं की हँडब्रेक ओढलेला आहे. पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईकही खूश.

उपाय शक्य आहे याचं दुसरं उदाहरण. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने टेस्लाच्या सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांची चौकशी सुरू केली, कारण गाडी चालू असतानाही पुढच्या स्क्रीनवर गेम खेळता येत होते. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ते बंद केलं. चौकशी सुरू व्हायचाच अवकाश होता.

आकडे काय सांगत नाहीत

'मोबाईलने कितीसे अपघात होतात?' असं विचारणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या अहवालातले आकडे. देशात ४ लाख १२ हजार ४३२ अपघात, १ लाख ५३ हजार ९७२ मृत्यू. त्यात मोबाईलच्या वापरामुळे म्हणून नोंदलेले अपघात १,९९७ आणि मृत्यू १,०४०. म्हणजे एकूण मृत्यूंच्या एक टक्क्याहूनही कमी. अतिवेगाच्या नावावर सत्तर टक्क्यांच्या आसपास.

यावरून 'मोबाईल हा किरकोळ प्रश्न' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. अपघाताच्या नोंदीत एक मुख्य कारण लिहिलं जातं. वेगाचा अंदाज गाडीच्या अवस्थेवरून, साक्षीदारांवरून बांधता येतो. नजर कुठे होती हे चालकच सांगू शकतो, आणि तो एक तर सांगणार नाही किंवा सांगायला उरलेला नसतो. वर सांगितलेल्या २०१६ च्या अभ्यासात कॅमेरे होते, म्हणून तिथे ९०५ अपघातांपैकी ६८ टक्क्यांत लक्ष विचलित करणारं काहीतरी चालू असलेलं दिसलं. एरवीच्या वेळेतही ते निम्म्याच्या वर होतं, त्यामुळे ते सगळे अपघात त्यामुळेच झाले असं म्हणता येत नाही. पण आपला एक टक्का हा धोक्याचा नसून नोंदीचा आकडा आहे, एवढं नक्की म्हणता येतं. आणि त्या नोंदीत गाडीत बसवलेल्या स्क्रीनला तर मोबाईलएवढीही जागा नाही.

मग काय करावं

कायदा हाताकडे बघतो त्यालाही कारण आहे, ते मान्य करते. चौकातल्या हवालदाराला आणि कॅमेऱ्याला हात दिसतो, नजर दिसत नाही. पण चालू व्हिडिओ तर हातापेक्षाही ठळक दिसतो, रात्री तर शंभर मीटरवरून. नजर सिद्ध करायची गरजच नाही. चालकाला दिसेल अशा पडद्यावर गाडी चालू असताना रस्त्याशी संबंध नसलेलं चलचित्र असणं, हाच गुन्हा ठरवा आणि तो १७७अ मधून उचलून १८४ च्या यादीत टाका. मोबाईल असो, टॅब असो की दहा इंची स्क्रीन.

दुसरं, जबाबदारी एकट्या चालकावर टाकू नका. ई-शिवनेरीच्या प्रकरणात चालकाची रोजीरोटी गेली आणि कंपनीला झालेला दंड त्याच गाडीच्या दहाएक तिकिटांएवढा. हँडब्रेकची वायर अर्थ करून देणारा तर या हिशेबात कुठेच नाही. प्रवासी गाड्यांची योग्यता तपासताना आरटीओने हँडब्रेक सोडून व्हिडिओ लावून बघावा, दोन मिनिटांत कळेल.

आणि यात अन्यायाचा भाग आहे, तो मला सगळ्यात जास्त टोचतो. होल्डरमध्ये मोबाईल लावून पत्ता शोधणारा टेम्पोवाला पावतीच्या टप्प्यात येतो, कारण त्याचं साधन स्वस्त आणि हातात मावणारं आहे. वीस लाखांच्या गाडीत तीन मेनू उघडून एसी कमी करणारा कुणाच्याच डोळ्यावर येत नाही. समोरून चालत येणाऱ्या माणसाला दोघांपासून धोका सारखाच.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक काम तुमच्या हातात आहे. तुमच्या गाडीत बाहेरून बसवलेली स्क्रीन असेल तर उद्या गाडी अंगणात उभी असताना व्हिडिओ लावा आणि हँडब्रेक सोडा. चित्र बंद झालं तर ठीक. चालूच राहिलं तर ज्याच्याकडून बसवून घेतली त्याच्याकडे जा आणि म्हणा, ती हँडब्रेकची वायर जिथे असायला हवी तिथे जोडून द्या. पोरं मागे बसून कुरकुर करतील. करू द्या.